फिरत्या घरांचे तळ आणि बिनतारी इंटरनेट : अमेरिकेतील एका सोयीचा इतिहास

प्रवासी माणसाला वाटेत काय काय लागते, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने निराळे दिलेले आहे. पाणी, सावली, जनावरांस वैरण आणि रात्रीपुरती चोराचिलटांपासून निर्धास्तता एवढ्यावर जुन्या धर्मशाळा व सराया भागवीत असत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकात मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठी जे मुक्कामाचे तळ उभे राहिले, त्यांच्या बाबतीत ह्या उत्तराचा क्रम बराच तपशिलाने लावता येतो. प्रथम नुसती मोकळी जागा, मग पाणी, मग वीज, मग सांडपाण्याचा नळ, अशी ही यादी वाढत गेली. तीत सर्वांत शेवटी आलेली, आणि सर्वांत अधिक तक्रारींस कारण झालेली सोय म्हणजे बिनतारी इंटरनेट होय. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या ह्या सोयीच्या इतिहासात सामाईक वस्तूचा वाटा कोणी किती घ्यावा, हा जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिलेला दिसतो. म्हणून तिचा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्यास अमेरिकेत 'रिक्रिएशनल व्हेइकल' अथवा संक्षेपाने 'आरव्ही' म्हणतात, ते वाहन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व बहुधा शौचाचीही सोय असलेले चाकांवरचे घर होय. मग ते स्वतःच्या इंजिनावर चालणारे असो वा मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचे असो. येथे त्यास 'फिरते घर' म्हटले आहे. अशी घरे जेथे भाडे देऊन उभी करतात ती जागा म्हणजे 'तळ'. ह्या शब्दास फौजेचा वास आहे खरा. पण रांगेने उभी असलेली पांढरी वाहने, मधोमध पाण्याचा नळ आणि पहाटे एकेकाने मुक्काम हलविणे हे ध्यानी घेतले म्हणजे तो अगदीच अस्थानी वाटत नाही.

साधनांविषयीही एक सूचना अवश्य आहे. ह्या तळांच्या मार्गदर्शिका अनेक दशके छापल्या गेल्या. वुडॉल्स आणि ट्रेलर लाइफ ही त्यांतली प्रमुख नावे. त्यांत प्रत्येक तळापुढे सोयींच्या खुणा दिलेल्या असत. अभ्यासकाला हे साधन मोलाचे आहे, परंतु त्याची मर्यादा मोठी आहे. वीज 'आहे' म्हणजे दिवा लागतो, नळ 'आहे' म्हणजे पाणी येते. पण 'वायफाय आहे' ह्या दोन शब्दांवरून त्या रात्री प्रवाशाचे पत्र गेले की नाही, हे कळत नाही. छापील खूण आणि प्रत्यक्ष अनुभव ह्यांत जेवढे अंतर ह्या एका सोयीच्या बाबतीत पडले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही सोयीच्या बाबतीत क्वचितच पडले असेल. ते अंतर का पडले, हाच ह्या लेखाचा मुख्य विषय म्हणावयास हरकत नाही.

मोटारी स्वस्त झाल्या तसे अमेरिकन कुटुंब रस्त्यावर आले. १९१८ साली हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज ह्यांनी ॲपलेशियन पर्वतप्रदेशात तंबू ठोकीत जो प्रवास केला, त्यास वृत्तपत्रांनी पुष्कळ प्रसिद्धी दिली. एडिसनच्या साठवण-विद्युत्घटांवर त्यांच्या तळावर दिवे लागत. म्हणजे 'निसर्गाच्या सान्निध्यात' जाताना आपल्या शहराचा एक तुकडा बरोबर नेण्याची प्रवृत्ती ह्या छंदाच्या जन्मापासूनच त्यात आहे; बिनतारी इंटरनेटने अरण्याची शांतता प्रथमच भंगली, असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, फ्लॉरिडातील टँपा येथे 'टिन कॅन टूरिस्ट' ह्या नावाची मोटारप्रवाशांची संघटना निघाली.

ह्याच सुमारास अनेक नगरपालिकांनी गावाबाहेर मोटारप्रवाशांसाठी विनामूल्य तळ उघडले. डेन्व्हर शहराचा ओव्हरलँड पार्क हा त्यांतला नावाजलेला. प्रवासी आला म्हणजे तो गावच्या दुकानांत पैसा खर्च करील, हा त्यामागील व्यापारी हिशेब होता. परंतु थोड्याच वर्षांत फुकट जागेवर काम शोधीत फिरणारी गरीब कुटुंबे दीर्घकाळ राहू लागली, आणि बऱ्याच गावांनी रात्रीचे शुल्क बसविले व मुक्कामास मुदत घातली. वॉरेन बेलास्को ह्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या शुल्काचा अर्थ नीट उलगडून दाखविला आहे : उत्पन्न हा त्याचा एक हेतू, आणि नको असलेला माणूस बाहेर ठेवणे हा दुसरा. हा दुसरा हेतू लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता अशा एका गृहस्थाचा उल्लेख करावयाचा आहे, ज्याचा बिनतारी विद्येशी काडीइतकाही संबंध नव्हता. ई. पी. माइनेके हे वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक. कॅलिफोर्नियातील मोठमोठे वृक्ष तळांच्या आसपास का वाळतात, ह्याचा शोध घेता त्यांना असे आढळले की, वाटेल तेथे फिरणाऱ्या मोटारींच्या चाकांखाली माती घट्ट होऊन मुळे गुदमरतात. १९३२ मध्ये त्यांनी ह्यावर जो उपाय सुचविला तो आज इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचा कोणी कर्ता असेल अशी शंकाही येत नाही. एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता, त्यास फुटलेल्या लहान लहान फांद्या, प्रत्येक फांदीवर एकाच मोटारीची ठरलेली जागा, आणि दोन जागांच्या मध्ये राखलेली झाडेझुडपे, ही ती रचना. झाडे वाचली आणि शेजाऱ्यापासून आडोसाही मिळाला. त्या दशकात बेकारांच्या हातांना काम देण्यासाठी सरकारने जी वनोद्यानांची कामे काढली, त्यांतून ही आखणी देशभर पसरली. सरकारी तळांवर तर ती जवळजवळ नियमच झाली. खाजगी तळांनी अधिक वाहने मावावीत म्हणून सरळ रांगा पसंत केल्या, परंतु सावलीच्या जागेस अधिक मान हा संकेत तेथेही रूढ झाला. सत्तर वर्षांनंतर ह्याच सावलीने तंत्रज्ञांची झोप उडविली.

खाजगी तळांच्या इतिहासात १९६२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या उन्हाळ्यात सिॲटल येथे जागतिक प्रदर्शन भरले होते, आणि तिकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ माँटॅना राज्यातील बिलिंग्ज गावावरून जात होती. तेथील डेव्ह ड्रम ह्या व्यावसायिकाने यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर तळ उघडला : रात्रीस पावणेदोन डॉलर, प्रत्येक जागेस मेज, आणि गरम पाण्याचे स्नानगृह. त्यातूनच 'कॅम्पग्राउंड्स ऑफ अमेरिका' ही, आपले नाव व पद्धत मोबदल्याने दुसऱ्यास वापरू देणारी, संस्था निर्माण झाली. १९६६ मध्ये आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने इंजिनावर चालणारी फिरती घरे तयार करण्यास आरंभ केला. ह्या घरांत दिवे, शीतपेटी व पुढे वातानुकूलन आले, आणि त्याबरोबर तळाच्या मालकाकडे विजेची मागणी आली. प्रत्येक जागेपाशी एक खांब, त्यावर ३० किंवा ५० अँपिअरची खुंटी, शेजारी पाण्याची तोटी, आणि जमिनीत सांडपाण्याचे तोंड : ह्या तिघांस मिळून 'हुकअप' म्हणतात. ह्या व्यवस्थेचे मर्म असे की, प्रत्येकाचा वाटा वेगळा व मोजलेला आहे. शेजाऱ्याने आपले वातानुकूलन रात्रभर चालविले तरी ३० अँपिअरच्या पलीकडे त्याच्या खांबावरील कळ आपोआप पडते; दुसऱ्याचा दिवा त्यामुळे विझत नाही.

ह्या तीन जोडण्यांत चौथी, म्हणजे संदेशाची, फार काळ नव्हती. प्रवाशाचे पत्र गावच्या टपालकचेरीत त्याची वाट पाहत पडून राही. दूरध्वनी करावयाचा तर कचेरीच्या अथवा धोबीखान्याच्या भिंतीवरील पैसे टाकण्याच्या यंत्रापाशी रांग लावावी लागे. सुटीपुरत्या प्रवाशाला एवढे पुरे होते. पण बारमाही फिरत्या घरात राहणारा वर्ग जसा वाढला, तशी अडचण जाणवू लागली. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन ह्या दांपत्याने अशा लोकांसाठी 'एस्केपीज' नावाचा संघ काढला. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे त्या संघाने पुढे टपाल स्वीकारून ते सभासदाच्या चालू मुक्कामी धाडण्याचे मोठे केंद्र चालविले. ज्याला पत्ता नाही त्याला बँक, मतदान, वैद्य व विमा ह्यांपैकी काहीच नीट लाभत नाही. तेव्हा हा संघ टपालाच्या रूपाने वस्तुतः नागरिकत्वाचीच सोय करीत होता. पुढे इंटरनेटने जे काम पत्करले, ते ह्याच टपालाचे.

संगणकाचा तारेशी संबंध जोडण्याची वाट एका न्यायनिवाड्याने मोकळी केली. टॉम कार्टर ह्या टेक्सासच्या उद्योजकाने, जेथे दूरध्वनीची तार पोचलेली नाही अशा तेलक्षेत्रांतील व कुरणांतील माणसांचा बिनतारी संच दूरध्वनीशी जोडणारे उपकरण केले होते. दूरध्वनी कंपनीचा त्यास विरोध होता. १९६८ मध्ये संघराज्याच्या दळणवळण आयोगाने कार्टरच्या बाजूने निर्णय दिला, आणि जाळ्यास अपाय न करणारे परके उपकरण दूरध्वनीस जोडण्याचा अधिकार ग्राहकास मिळाला. रस्त्यापासून दूर असलेल्या माणसाच्या गरजेतून हा निवाडा निघाला, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८३ मध्ये, स्टीव्हन रॉबर्ट्स हे लेखक पहुडून चालविण्याच्या सायकलीवर ओहायोतून निघाले. त्यांच्यापाशी टँडी कंपनीचा 'मॉडेल १००' हा लहानसा संगणक होता. त्याचा पडदा आठ ओळींचा, आणि तो चार साध्या बॅटऱ्यांवर चाले. वाटेवरील सार्वजनिक दूरध्वनीवरून ते आपला मजकूर 'कॉम्प्युसर्व्ह' ह्या सेवेमार्फत धाडीत, आणि अशा रीतीने त्यांनी सुमारे १०,००० मैलांचा प्रवास केला. त्यांच्यापाशी फिरते घर नव्हते, फिरती कचेरी मात्र होती. आज तळावर बसून नोकरी करणारा माणूस त्यांचाच वंशज होय.

१९९०च्या दशकात तळमालकांनी कचेरीत अथवा धोबीखान्यात दूरध्वनीची एक तार प्रवाशांच्या संगणकासाठी राखून ठेवण्यास आरंभ केला. काही तळांवर महिन्याने राहणाऱ्यांसाठी प्रत्येक जागेपाशी दूरध्वनी आला. पण बहुतेक ठिकाणी एकच तार व मागे उभी असलेली रांग, असा देखावा असे. जुन्या पाणवठ्याप्रमाणे ह्या तारेभोवतीही ओळखी झाल्या आणि कुरबुरीही झाल्या. १९९९ मध्ये अमेरिकेत वीस लाखांहून अधिक सार्वजनिक दूरध्वनी होते. त्यानंतर खिशातल्या दूरध्वनीने त्यांचा वेगाने संहार केला.

बिनतारी इंटरनेटचा उगम तळांपासून फार दूर आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'अलोहा' जाळ्याने, अनेकांनी एकच लहरपट्टी वाटून घेऊन संगणकांत बिनतारी संदेश कसे धाडावेत, हे दाखविले. १९८५ मध्ये दळणवळण आयोगाने, मायकेल मार्कस ह्या अभियंत्याने पुढे रेटलेल्या प्रस्तावानुसार, काही लहरपट्ट्या विनापरवाना संदेशवहनासाठी खुल्या केल्या. ह्या पट्ट्या म्हणजे लहरींच्या राज्यातील पडीक जमीन होती. सेकंदास सुमारे २४० कोटी कंपनांच्या पट्टीत भट्टीसारखी अन्न शिजविणारी मायक्रोवेव्ह यंत्रेही चालत, म्हणून तीत संदेशवहनाची कोणास फारशी हाव नव्हती. तेथे कोणीही यावे, परवाना नको, शुल्क नको. मात्र शक्तीची मर्यादा पाळावी, आणि दुसऱ्याच्या व्यत्ययाबद्दल तक्रार करू नये, असा दंडक होता. 'गावचे गायरान' ह्या कल्पनेशी ज्यांचा परिचय आहे, त्यांस हा दंडक निराळा समजावून सांगावयास नको.

ह्या गायरानात सर्वांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून १९९० पासून व्हिक हेज ह्यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने प्रमाणे ठरविण्याचे काम केले. पहिले प्रमाण १९९७ मध्ये आले, आणि सेकंदास ११ मेगाबिट वेगाचे सुधारलेले प्रमाण १९९९ मध्ये. त्याच वर्षी ॲपल कंपनीने अशी बिनतारी सोय असलेला संगणक २९९ डॉलरच्या प्रक्षेपकासह बाजारात आणला, आणि उत्पादकांच्या संघाने 'वायफाय' हे नाव घेतले. ते नाव एका नामकरण करणाऱ्या संस्थेकडून विकत घेतलेले. त्याचा विग्रह करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

लगेच ही सोय कॉफीगृहांत व विमानतळांवर गेली. तळांवर ती २००२ च्या सुमारास पोचली. त्या वर्षी टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्थापन झालेली 'टेंगो इंटरनेट' ही कंपनी विशेषेकरून तळांसाठीच बिनतारी जाळी उभारू लागली. आरंभी दिवसाचे, आठवड्याचे वा महिन्याचे शुल्क घेऊन प्रवाशास परवलीचा शब्द देण्याची रीत होती. मालकास वाटले, चौथी जोडणी सापडली. येथेच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे.

कॉफीगृह म्हणजे एक खोली. तळ म्हणजे कित्येक एकरांची झाडी, आणि तीत विखुरलेल्या धातूच्या पेट्या. वर सांगितलेल्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. पाणी त्यांस शोषून घेते, आणि हिरवे पान हे मुख्यतः पाणीच असते. पावसाने भिजलेली झाडी तर ह्या लहरींस भिंतीसारखी वाटते. माइनेके ह्यांनी दोन जागांमध्ये जो हिरवा पडदा राखावयास सांगितला, तो शेजाऱ्याच्या दृष्टीस जसा अडवितो, तसाच संदेशासही अडवितो. त्यात पुन्हा एअरस्ट्रीमसारखी ॲल्युमिनियमच्या कवचाची घरे. त्यांच्या आत लहर शिरते ती खिडकीवाटे शिरेल तेवढीच. हिवाळ्यात पाने गळल्यावर उत्तम चाललेली यंत्रणा उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी गर्दी झाली असता, निकामी व्हावी, असा प्रकार ह्यामुळे होई.

मालक मग प्रक्षेपक अधिक उंच व अधिक जोराचा बसवी. त्यामुळे प्रवाशाच्या पडद्यावर संदेशशक्तीची चिन्हे भरपूर दिसत, तरी काम होत नसे. ह्याचे कारण साधे आहे. संभाषणास दोन बाजू लागतात. खांबावरचा प्रक्षेपक मोठ्याने ओरडला म्हणून मांडीवरच्या संगणकाचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत पोचतो, असे नाही. शिवाय एका प्रवाहावर एका वेळी एकानेच बोलावयाचे, आणि बोलण्यापूर्वी दुसरा बोलत नाही ना हे ऐकावयाचे, असा ह्या पद्धतीचा शिष्टाचार आहे. पण तळाच्या दोन टोकांचे दोन प्रवासी, मध्ये झाडी असल्यामुळे, एकमेकांस ऐकू येतच नाहीत. दोघेही एकदम बोलतात, आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. ह्या पट्टीत अमेरिकेत अकरा प्रवाह आहेत खरे, पण एकमेकांवर न चढणारे असे त्यांत तीनच.

काही प्रवाशांनी मग आपापले उपाय योजिले. बटाट्याच्या कापांच्या रिकाम्या डब्यापासून दिशादर्शी ॲंटेना कशी करावी, हे रॉब फ्लिकेंजर ह्यांनी २००१ मध्ये लिहून प्रसिद्ध केले होते. ह्या डब्याची कीर्ती तंत्रप्रेमी लोकांत झपाट्याने पसरली. पुढे दुकानांत छपरावर बसवावयाचे तयार प्रवर्धक मिळू लागले. अशा प्रत्येक साधनाने ते बसविणाऱ्याचे काम होई, आणि त्याच प्रवाहावर बोलणाऱ्या शेजाऱ्यांचे थोडे अधिक बिघडे. गायरानात एकाने आणखी एक म्हैस सोडावी, तशातला हा प्रकार.

पण लहरींचा हा सर्व व्यत्यय दूर झाला असता, तरी एक अडचण उरलीच असती. आणि आमच्या मते तीच मोठी होय. तळ मुळात गावाबाहेर असावयाचा. तेथवर चांगली तार येत नाही. तारेवरील साधी जलद सेवा दूरध्वनी केंद्रापासून सुमारे साडेतीन मैलांपलीकडे नीट चालत नसे. मग महिन्यास शेकडो डॉलर मोजून खास तार घ्यावयाची. तिची क्षमता सेकंदास दीड मेगाबिट. शंभर जागांच्या तळावर सर्वांनी एकदम ती वापरली, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १५ किलोबिट येतात, म्हणजे धोबीखान्यातील जुन्या दूरध्वनी-तारेवर ५६ किलोबिटच्या यंत्राने मिळे त्याहूनही कमी. पत्रव्यवहारापुरते हे कसेबसे भागले, कारण पत्र धाडणारे सर्वजण एका क्षणी धाडीत नाहीत. परंतु २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले, २००७ मध्ये नेटफ्लिक्सने तारेवरून चित्रपट दाखविण्यास आरंभ केला, आणि एका घरातील एक चित्रपट साऱ्या तळाची तार गिळू लागला. हुकअपच्या खांबावर ३० अँपिअरला पडणारी कळ असते. येथे तशी कळ नव्हती. जो आधी व अधिक घेईल त्याचे.

शुल्काचा प्रवासही येथे विलक्षण झाला. नगरपालिकांचे तळ फुकटाकडून शुल्काकडे गेले होते. बिनतारी सोय शुल्काकडून फुकटाकडे गेली. रस्त्याकाठच्या स्वस्त मोटेलांनी ती विनामूल्य देण्यास आरंभ केल्यावर तळमालकास पैसे मागणे जड जाऊ लागले. मोबदला गेला, तसा यंत्रणा सुधारण्याचा उत्साहही गेला. काही वर्षांनी अनेक ठिकाणी दोन पायऱ्यांची पद्धत आली : पत्रापुरता मंद वेग सर्वांस फुकट, चित्रपटास पुरेल असा वेग पैसे देणाऱ्यास. मालकांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, भाड्याच्या काही डॉलरांत प्रत्येकास घरच्यासारखा वेग देणे त्यांस शक्य नव्हते. त्यांचा दोष असलाच तर तो 'वायफाय आहे' असे छापताना, काय आहे व किती आहे हे न सांगण्याचा होता.

हवेवर मालकी कोणाची, हा प्रश्नही ह्याच काळात निकालात निघाला, पण तो तळावर नव्हे तर हॉटेलात. नॅशव्हिल येथील गेलॉर्ड ऑप्रिलँड ह्या मॅरियट कंपनीच्या हॉटेलात, पाहुण्यांची स्वतःची बिनतारी जोडणी यंत्राने तोडण्यात येई, आणि प्रदर्शनकारांकडून हॉटेलच्या जोडणीसाठी प्रत्येक यंत्रामागे २५० ते १००० डॉलर घेतले जात. ऑक्टोबर २०१४ मध्ये दळणवळण आयोगापुढे कंपनीने ६,००,००० डॉलर भरण्याचे मान्य केले, आणि जानेवारी २०१५ मध्ये अशी अडवणूक कोणीही करू नये, असा इशारा आयोगाने दिला. १९३४ च्या कायद्यातील हेतुपुरस्सर व्यत्यय आणण्याविरुद्धचे कलम त्यास आधार होते. जमीन तळमालकाची असली तरी तिच्यावरची लहर त्याची नाही, हे तत्त्व ह्यामुळे स्पष्ट झाले. तोपर्यंत प्रवाशांच्या हाती स्वतःची जोडणीही आलेली होती. खिशात मावणारे व मोबाइल जाळ्यावरून वायफाय पसरविणारे यंत्र २००९ पासून मिळू लागले होते, आणि २०१० च्या अखेरीस चौथ्या पिढीचे जलद जाळे सुरू झाले.

सरकारी उद्यानांतील वाद निराळ्या पातळीवरचा होता. तेथे 'सोय पुरेशी आहे का', हा प्रश्न दुय्यम. 'ती असावी का', हा मुख्य. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये एसबीसी ह्या दूरध्वनी कंपनीच्या साहाय्याने आपल्या ८५ राज्य-उद्यानांत बिनतारी सोय करण्याची योजना जाहीर केली. सॅन एलाइहो येथील समुद्रतटावरील तळ त्यांत अग्रभागी होता. राष्ट्रीय उद्याने अधिक सावध राहिली. यलोस्टोनमध्ये २००१ साली ओल्ड फेथफुल ह्या प्रसिद्ध उष्ण कारंजापाशी उभारलेला मोबाइल मनोरा झाडांच्या वर दिसू लागला, आणि त्यावरून मोठी ओरड झाली. २००९ च्या आराखड्यात तो हलविण्याचे ठरले, आणि बिनतारी सेवा वस्तीच्या भागापुरती ठेवून दूरच्या अरण्यभागात ती नेऊ नये, अशी मर्यादा घालण्यात आली.

२०१९ चा प्रसंग ह्याहून बोलका आहे. गृहखात्याचे मंत्री डेव्हिड बर्नहार्ट ह्यांस सल्ला देणाऱ्या समितीने त्या वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्रीय उद्यानांतील तळांच्या आधुनिकीकरणाच्या शिफारशी केल्या : तळ खाजगी चालकांच्या हाती अधिक प्रमाणात द्यावेत, वायफाय आणावे, खाद्यपदार्थांच्या गाड्या येऊ द्याव्यात, आणि त्याबरोबर, गर्दीच्या हंगामात वृद्धांस मिळणारी भाड्याची सवलत बंद ठेवावी. विरोध जोराचा झाला, आणि नोव्हेंबरात ही समितीच बरखास्त करण्यात आली. वायफाय हे येथे निमित्तमात्र होते. सोय वाढवावयाची, तिच्या नावाने शुल्क वाढवावयाचे, आणि कमी पैसे देणाऱ्यास हंगामाबाहेर ढकलावयाचे, हा क्रम पाहिला म्हणजे नगरपालिकांच्या तळांवर बसविलेल्या त्या जुन्या शुल्काची आठवण होते. निसर्गाची शांतता राखण्यासाठी झगडणारे आणि वृद्धांच्या सवलतीसाठी झगडणारे हे एरवी निराळे पक्ष येथे एका बाजूस आले, ते ह्यामुळेच.

२०२० च्या महामारीने चित्र पुन्हा पालटले. कचेऱ्या बंद झाल्या, काम घरून होऊ लागले, आणि घर फिरते असले तरी चालेल हे अनेकांच्या ध्यानी आले. २०२० मध्ये उत्पादकांनी ४,३०,४१२ फिरती घरे धाडली होती. २०२१ मध्ये हा आकडा ६,००,२४० वर गेला. त्यापूर्वी एवढी कधीही धाडली गेली नव्हती. आता तळावरील माणूस चित्रपटासाठी नव्हे, तर सकाळच्या सभेसाठी जोडणी मागू लागला. ह्या सभेत त्याचे चित्र व आवाज तळाकडून बाहेर जावयाचे. आणि तळावरच्या यंत्रणेची बाहेर जाणारी बाजू तर प्रथमपासूनच दुबळी.

मे २०२२ मध्ये स्टारलिंक कंपनीने फिरत्या घरांसाठी उपग्रहाची खास सेवा सुरू केली : यंत्रास ५९९ डॉलर, व महिन्यास १३५ डॉलर, पाहिजे त्या महिन्यात चालू ठेवावी, नको तेव्हा थांबवावी. ज्यांस परवडले त्यांनी तळाच्या सामाईक जाळ्याकडे पाठ फिरविली. एका अर्थी ही एडिसनच्या विद्युत्घटांकडे परत जाण्याची क्रिया होय : आपली सोय आपणच बरोबर न्यावयाची. उरले ते तळाच्या जाळ्यावरच अवलंबून राहिले. त्यांत दोन दिवसांचे प्रवासी आहेत. पण गावातील घरभाडे परवडत नाही म्हणून महिनोन् महिने तळावर राहणारी कुटुंबेही आहेत. त्यांची मुले धडा त्याच जोडणीवर पाहतात, आणि नोकरीचा अर्जही तिच्यावरूनच जातो. पैसा असलेले बाहेर पडल्यावर मालकास ते जाळे सुधारण्याची निकड कितपत वाटेल, ही शंका आम्हांस वाटते.

ह्या उपग्रहसेवेस आकाशाचा मोठा मोकळा तुकडा लागतो. फांद्या मध्ये आल्या की, जोडणी क्षणाक्षणाला तुटते. त्यामुळे तळाच्या कचेरीत जागा मागताना, जेथे पूर्वी सावलीची जागा आधी उचलली जाई, तेथे आता काहीजण उघड्यावरची, उन्हातली जागा मागू लागले आहेत. आणि माइनेके ह्यांच्या वळशाच्या रस्त्याकाठी, दाट झाडीखालच्या जागा हप्त्याच्या मधल्या दिवशी, कामाच्या वेळी, काही ठिकाणी रिकाम्या राहतात.